घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : हार्ड डिस्क की क्लाउड? या चुका टाळा

"बॅकअप आहे ना आमचा, डी ड्राइव्हवर सगळं कॉपी करून ठेवलंय." ठाण्यात, नवी मुंबईत कुणाच्याही घरी विषय काढा, हे उत्तर हमखास मिळतं. पण सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. त्यामुळे हा बॅकअप धरूच नका.

त्याहून घातक गैरसमज क्लाउडबद्दलचा, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणुकीबद्दलचा आहे. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह लॅपटॉपला जोडलं की फाइल्स सुरक्षित झाल्या, असं आपण मानतो. प्रत्यक्षात ते सिंक असतं, म्हणजे इकडे जे घडेल तेच तिकडे. मुलाने चुकून फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटचा स्कॅन डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो 30 दिवस राहतो, पुढे कायमचा नाहीसा. आयकराची कागदपत्रं आपण वर्षातून एकदाच उघडतो, त्यामुळे ती गेल्याचं कळेपर्यंत मुदत उलटलेली असते. शिवाय वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी काही फाइल्स फक्त ऑनलाइन ठेवतं. नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसलं, तर ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच. अशा फाइलवर राइट क्लिक करून ती कायम या कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडा.

मग बाहेरून जोडायची हार्ड डिस्कच बरी? वेगाच्या बाबतीत नक्कीच. लॅपटॉप बिघडला तर शेकडो जीबी काही तासांत परत येतात, महिन्याचं भाडंही नाही. पण ती डिस्क लॅपटॉपशेजारीच पडलेली असेल तर चोर दोन्ही नेईल. 26 जुलै 2005 चा पाऊस ज्यांनी तळमजल्यावर काढला, त्यांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. डिस्क कायम जोडून ठेवणं तर सर्वांत वाईट, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं की ते जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतं. बॅकअप झाला की 'इजेक्ट' करा, डिस्क काढा आणि वरच्या कपाटात ठेवा. मोठा व्हिडिओ कॉपी करताना जागा असूनही फाइल फार मोठी आहे असा संदेश आला, तर डिस्क बहुधा फॅट32 पद्धतीची असते. तिच्यावर 4 जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर अडचण सुटते, मात्र त्याआधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलवा, फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं.

क्लाउडवर चढवताना लोक अपलोडचा वेग बघायला विसरतात. 20 एमबीपीएसने 500 जीबी चढवायला पंचावन्न तासांहून जास्त वेळ लागतो, तोही मध्ये काही खंड पडला नाही तर. अपलोड एकाच ठिकाणी अडकलेलं दिसलं, तर आधी लॅपटॉपची स्लीप सेटिंग तपासा. झाकण मिटलं की काम थांबतं. महावितरणची वीज गेली की राउटरही बंद, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. आणि सगळ्यात आधी फक्त कागदपत्रांचं फोल्डर चढवा, फोटो-व्हिडिओ नंतर.

गुगलची मोफत 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. ती भरली की नवीन मेल येणंही थांबतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल हटवू शकतं, त्यामुळे आईबाबांच्या नावाने उघडून विसरलेल्या खात्यात फोटो टाकून निश्चिंत होऊ नका. ओटीपी येणारा नंबर बंद झाला असेल तर तो आजच बदला.

माझं मत स्पष्ट आहे : यातलं एकच निवडायची वेळ स्वतःवर आणू नका. कागदपत्रं थोड्याच जागेत मावतात, ती क्लाउडवरही ठेवा आणि डिस्कवरही. फोटो फार असतील आणि क्लाउडचं भाडं परवडत नसेल, तर दोन डिस्क घ्या. दुसरी नेरूळच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या काकांकडे ठेवा आणि दिवाळीला, मे महिन्याच्या सुट्टीत जाल तेव्हा नवीन फोटो तिच्यावर घाला. डिस्क दुसऱ्याच्या घरी राहणार, म्हणून तिला पासवर्ड लावा आणि तो कागदावर लिहून आपल्या घरी जपून ठेवा.

डिस्क तिकडे नेण्याआधी तिच्यातल्या चार-पाच जुन्या फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणून थांबू नका, फोटो पूर्ण उघडतो का आणि व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, ते पाहा.