पाय सुजतात? या चुका टाळा, निम्मे उपाय उलट्या दिशेने चाललेले असतात

सदाशिव पेठेत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी साडेपाचला ओट्याशी उभं राहिलं की दुपारी अडीचपर्यंत बूड टेकत नाही. पोळ्या लाटायला आम्ही चौघीजणी, आणि संध्याकाळची तक्रारही चौघींची एकच: पाय भरून येतात, घोटे दिसेनासे होतात, पैंजणाची साखळी कातडीत रुतून तिची नक्षी उमटते. उपाय मात्र प्रत्येकीचा वेगळा. मी तर सगळेच करून बसले होते.

मूळ घोटाळा असा की सूज आली म्हणजे पायापर्यंत रक्त पोचत नाही, असं आपण धरून चालतो. खाली रक्त व्यवस्थित येत असतं, अडतं ते परत जाताना. खाली ढकलायला हृदय आहे, वर चढवायचं काम बरंचसं पोटरीकडे असतं. पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. पोटरी न हलवता तासन्‌तास उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, शिरांमधला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. पर्वती चढून आलेल्याचे पाय दुखतील, पण सहसा सुजणार नाहीत. लक्ष्मी रोडवर काउंटरमागे दिवसभर उभं राहणाऱ्याचे सुजतील. हिंजवडीला दहा तास खुर्चीत बसणाऱ्याचेही सुजतील, कारण बसलेली पोटरीसुद्धा कामावर नसतेच.

‘जरा बसले, झाला आराम’

खुर्चीत बसून पाय पाटावर ठेवले की आपण पाय वर घेतले असं वाटतं. पण पाय छातीच्या पातळीपेक्षा वर गेले की पाणी जास्त चांगलं उतरतं. आडवं व्हायचं आणि लोड किंवा दोन उशा पोटरीपासून टाचेपर्यंत लावायच्या. माझी उशी कायम फक्त गुडघ्याखाली असायची, त्याने पाय मुडपतो आणि टाच खालीच राहते. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मात्र सपाट झोपल्यावर कुणाला धाप लागत असेल, तर हा प्रयोग सोडून आधी डॉक्टर.

कढत पाण्याची बादली

मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवले की बरं वाटतं, खोटं का बोला. पण उष्णतेने शिरा सैलावतात आणि सूज वाढू शकते. दिवसभर शेगडीची धग खाल्लेल्या पायांना संध्याकाळी पुन्हा तोच शेक! आता मी साधं गार पाणी घेते. मधुमेह असलेल्यांनी तर गरम पाण्यापासून लांबच राहावं. तळव्यांची जाणीव कमी झालेली असेल तर फोड आलेलाही कळत नाही.

तेल वरून खाली

गुडघ्यापासून पंजाकडे दाबत न्यायची आपल्याकडे सवय आहे. हात उलटा फिरवा: घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने. आणि एकच पाय सुजून दुखत असेल तर अजिबात चोळू नका. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

मोजे: माझे पैसे इथे वाया गेले

घट्ट स्टॉकिंग्ज चांगले असतात हे ऐकलं आणि संध्याकाळी, पाय टम्म झालेले असताना, चपलेचा नंबर सांगून एक जोडी घेऊन आले. लांब होते म्हणून वरची कड दुमडली. दुपारपर्यंत गुडघ्याखाली लाल वळ आणि त्याच्या खाली पाय आधीपेक्षा फुगलेला. दुमडलेली कड म्हणजे दोरीच की! मोज्याचं माप सकाळी, सूज उतरलेली असताना, घोट्याचा आणि पोटरीचा घेर घेऊन ठरतं. चढवायचे अंथरुणातून उठल्या उठल्या, काढायचे रात्री. रोजच्या थकव्याला सहसा १५ ते २० मिलिमीटर पारा (mmHg) दाबाचे पुरतात, त्याहून घट्ट डॉक्टरांनी सांगितले तरच. धुऊन धुऊन ताण गेला की ते नुसते गरम मोजे उरतात, बदलून टाका.

पाणी तोडणं, मीठ तसंच ठेवणं

पायात पाणी झालंय म्हणून आमची एकजण पाणीच कमी प्यायची, आणि डब्यात रोज पापड नि लोणचं. शरीर पाणी धरून ठेवतं ते मिठामुळे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, त्यात फरसाणही आलं.

गोळ्यांचा खेळ

लघवी जास्त होण्याची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, क्षार ढासळतात. अंगदुखीवर रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी सूज येऊ शकते, हे तर कुणाच्या गावीच नसतं. माझ्या सासऱ्यांचे घोटे सुजले तेव्हा आम्ही महिनाभर त्यांचं जेवण अळणी केलं. निघालं काय, तर रक्तदाबाची अम्लोडिपिन! डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज ओसरली. अशी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही.

टाचा

सगळ्यात मोठी चूक पोटरीला फुकट उभं ठेवण्याची. आता पोळी तव्यावर टाकली की उलटेपर्यंत आम्ही पाच-सहा वेळा टाचा उचलतो. ओट्याखाली एक पाट ठेवलाय, त्यावर आलटून पालटून एकेक पाय. पहिल्याच आठवड्यात एका नेहमीच्या आजोबांनी विचारलं, ‘‘पोळ्यांबरोबर तुम्हीही फुगताय का?’’ हसू दे! सकाळच्या घाईत शंभर पोळ्या झाल्या की टाचांचे पाचशे फेरे सहज होतात.

नुसता थकवा समजून सोडून देणं

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. मळलेल्या कणकेवर बोट दाबल्यासारखा खड्डा राहिला तर आत पाणी आहे. रात्रभर झोपून सकाळी पाय हलके होत असतील तर फार घाबरायचं कारण नाही. सकाळीही सूज तशीच, चेहरा फुगलेला, चालताना धाप, लघवी कमी, असं असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन हे सगळं तपासून घ्यावं लागतं. गरोदरपणात हात-तोंड अचानक सुजलं, डोकं ठणकायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती. छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर १०८ ला फोन करा.

रक्त खरोखरच कमी पोचण्याचा आजार वेगळा. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, बोटं गार पडतात, जखम भरत नाही. तंबाखू-सिगारेटवाल्यांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हे जास्त. असा पाय उशीवर घेतला की अधिक दुखतो आणि खाली सोडला की बरा वाटतो. त्याला घट्ट मोजे चढवू नका. आधी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घ्या, त्या दोन आकड्यांच्या तुलनेवरून रक्त कितपत पोचतंय हे डॉक्टरांना समजतं.