प्रिपोझिशनल फ्रेज ओळखायची मराठी कसोटी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी कोल्हापुरात इंग्रजी व्याकरण शिकवते. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडकडून आलेली ही मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. इन, ऑन, ॲट, अंडर, बिट्वीन ही प्रिपोझिशनची, म्हणजे इंग्रजीतल्या शब्दयोगी अव्ययांची, यादी तोंडपाठ असते, पण वाक्यातली चूक शोधायला दिली की गाडं अडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की यादीवर वेळ घालवू नका. प्रिपोझिशन आणि त्याच्या पुढचं नाम किंवा सर्वनाम असा अख्खा गठ्ठा एकत्र उचला. तीच प्रिपोझिशनल फ्रेज. मग एकच प्रश्न विचारा: हा गठ्ठा नामाला चिकटलाय की क्रियापदाला?

उत्तर शोधायची सोय आपल्या भाषेतच आहे. ‘आय पुट द बुक ऑन द टेबल’ म्हणजे मी पुस्तक टेबलावर ठेवलं. ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’ म्हणजे टेबलावरचं पुस्तक माझं आहे. इंग्रजीत दोन्हीकडे तेच तीन शब्द, मराठीत मात्र ‘टेबलावर’चं ‘टेबलावरचं’ झालं. ‘चा-ची-चं’ किंवा ‘तला-तली-तलं’ लागलं तर फ्रेज विशेषणाचं काम करते. कुठे, कधी, कसं एवढंच सांगत असेल तर क्रियाविशेषणाचं. ‘ही सॉ अ मॅन इन द टेम्पल’ हे वाक्य दोन्हीकडे झुकतं: देवळात माणूस दिसला, की देवळातला माणूस दिसला? तिथे मागचं-पुढचं वाचूनच ठरवावं लागतं.

दुसरी अडचण क्रमाची. वर्गात मी प्रत्येकाला आपल्या घराचा पत्ता मराठीत एका दमात सांगायला लावते. गारगोटीच्या एका मुलीने लिहिलं, ‘गारगोटीतल्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं घर’. मग तिला शेवटाकडून सुरुवात करायला सांगितलं: ‘अ हाउस इन द लेन बिहाइंड द एसटी स्टँड इन गारगोटी’. आपण गावापासून निघून घराशी पोचतो, इंग्रजी घरापासून निघून गावाशी. एकात एक अडकलेल्या तीन फ्रेज तिने नियम न आठवता बरोबर रचल्या. शिकवताना मला सगळ्यात जास्त आनंद या तासाला होतो.

परीक्षेत हमखास येणारी चूक म्हणजे ‘द प्राइस ऑफ दीज चप्पल्स आर हाय’. चप्पल लाइनमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, जोड कितीही असोत, ‘ऑफ दीज चप्पल्स’ला पेन्सिलीने कंस करा. उरतं ‘द प्राइस’, म्हणून ‘इज’. कर्ता फ्रेजच्या आत नसतो. मात्र ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’ आलं की आत डोकवावं लागतं: ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स आर’, पण ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’.

प्रिपोझिशननंतर सर्वनाम ‘मी’ (इंग्रजी me), ‘हिम’, ‘देम’ या रूपात येतं, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं: ‘बिफोर गोइंग टू पन्हाळा’. यात परकं काही नाही, आपणही ‘जाणे’चं ‘जाण्याआधी’ करतोच.

ठरलेल्या जोड्यांपुढे मात्र मराठीची कसोटी चालत नाही. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहिलं जातं, हवं ‘मॅरिड टू’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. मुलाखतीत ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ कानावर येतं. कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’, ‘सिन्स 2019’. अशा जोड्या सुट्या पाठ करू नका, आपल्या रोजच्या बोलण्यातली वाक्यं करून वहीत लिहा.

रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, प्रत्येक फ्रेजला कंस करा आणि ती ज्याला चिकटली आहे त्या शब्दाकडे बाण काढा. यात ‘टू’ जपून हाताळा. ‘आय वाँट टू गो’मधल्या ‘टू गो’ला कंस करायचा नाही, कारण तिथे ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मध्ये मात्र ‘टू मीटिंग यू’ला कंस करायचा, कारण तिथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे.