एकाच गुडघ्याला दोन औषधं का निघतात: केस सोडवायला शिकणाऱ्यांसाठी

होमिओपॅथी शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकाही औषधाचं नाव सांगत नाही. कोरी वही आणायला सांगते आणि आठवडाभर स्वतःच्याच अंगाची नोंद ठेवायला लावते. सकाळी डोकं जड होतं का, कुठे मुंग्या आल्या, कोणत्या कुशीवर झोप लागली, उगाच चिडचिड कधी झाली. औषध काहीही घ्यायचं नाही. आठव्या दिवशी प्रत्येकाची दोन-तीन पानं भरलेली असतात. मग मी प्रूव्हिंग समजावते: निरोगी माणसाने औषध घ्यायचं आणि जे जाणवेल ते लिहायचं. आपल्या मटेरिया मेडिकाचा, म्हणजे कोणत्या औषधाने कोणती लक्षणं उठतात त्या ग्रंथांचा, पाया असा घातला गेला. कोरी गोळी घेणारा दुसरा गट शेजारी ठेवण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे त्या नोंदींतलं औषधाचं किती आणि रोजच्या अंगाचं किती, हे निवडून काढायला काही साधन नव्हतं. ज्याने स्वतः वही भरली आहे त्याला हे फार समजवावं लागत नाही.

तुम्हीही सुरुवात या वहीपासूनच करा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहतं.

आता तत्त्वं. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान १७९० मध्ये विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याच्या औषधग्रंथाचं जर्मन भाषांतर करत होते. सिंकोनाच्या सालीचा गुण कलेननी ज्या कारणाने सांगितला होता ते कारण त्यांना पटेना. त्यांनी ती साल स्वतः खाल्ली आणि हिवतापासारखी लक्षणं जाणवल्याचं नोंदवलं. यातून ‘समः समं शमयति’ हे सूत्र आलं. १७९६ च्या निबंधात ते मांडलं गेलं आणि १८१० मध्ये त्यांच्या मुख्य ग्रंथाची, ऑर्गेनॉनची, पहिली आवृत्ती निघाली. वर्गात हे ‘काट्याने काटा काढतात तसं’ असं सांगून पुढे जातात. मी मात्र इथे थांबते. सिंकोनातलं क्विनाइन रक्तातल्या हिवतापाच्या परजीवीला मारतं. ते गुणकारी आहे ते या कारणाने, लक्षणं जुळतात म्हणून नाही. ज्या प्रयोगातून सूत्र निघालं त्याचा आज कळलेला अर्थ वेगळा आहे, हे विद्यार्थ्याला सुरुवातीलाच माहीत असलं पाहिजे.

दुसरं तत्त्व एका वेळी एकच औषध. तिसरं कमीत कमी मात्रा, आणि त्यातून आलेली पोटेन्सीची पद्धत. इथे गणित हाताने करून बघा. सेंटेसिमल पद्धतीत दर पायरीला एक भाग औषध आणि ९९ भाग पाणी-अल्कोहोल किंवा दूधसाखर. १२ पायऱ्या झाल्या की मूळ द्रव्य १ वर २४ शून्यं इतक्या पटीने विरळ होतं. एका मोल द्रव्यात साधारण ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात. म्हणजे एक मोल घेऊन सुरुवात केली तरी बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची खात्री देता येत नाही. आपण सर्रास देतो ती ३० पोटेन्सी म्हणजे १ वर ६० शून्यं. हानेमानचं म्हणणं असं की घुसळण्या-आपटण्याने औषधाची शक्ती जागी होते आणि ती जीवनशक्तीवर काम करते. हा सिद्धान्त आहे, मोजलेली गोष्ट नव्हे. १८३५ मध्ये न्यूरेम्बर्गला पन्नासहून अधिक लोकांना कोणती कुपी कसली ते न सांगता मिठाची ३० पोटेन्सी किंवा नुसतं पाणी दिलं गेलं. बहुतेकांना काहीच वेगळं जाणवलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात नाही, हा तिचा निष्कर्ष. हे दोन्ही मी मुलांना तत्त्वांसोबतच शिकवते. त्यांना हे बाहेरून, भांडणाच्या सुरात कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं मला वाटतं.

मायझमबद्दल फार लिहीत नाही. १८२८ मध्ये हानेमाननी जुनाट आजारांचं मूळ म्हणून सोरा (खरजेशी जोडलेला), सायकोसिस (चामखिळींशी जोडलेला) आणि सिफिलिस असे तीन मायझम सांगितले. खरजेचं कारण सूक्ष्म किडा आहे हे आपल्याला माहीत आहे. परीक्षेपुरतं वाचा.

मुख्य काम केस घेण्याचं, आणि पद्धतींची भांडणं खरी तिथेच दिसतात. एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

शाळेत शिकवणाऱ्या बाई, वय ४६. उजवा गुडघा चार महिन्यांपासून दुखतो. त्यांचे शब्द जसेच्या तसे: “पावसात भिजले त्यानंतर सुरू झालं. बसून उठले की पहिली चार पावलं टाकवत नाहीत, अडकल्यासारखं होतं. चालत राहिलं की मोकळं होतं. रात्री पाय कुठे ठेवू कळत नाही, सारखी कूस बदलते. शेकलं की बरं वाटतं.” जाता जाता, दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “वर्षापूर्वी भाऊ गेला. कोणी समजूत घातली की राग येतो. एकटी असले तरच रडते.” खारट खावंसं वाटतं, हे विचारल्यावर सांगितलं.

रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषधं शोधायची सूची, उघडण्याआधी पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात रुग्ण आपणहून काय बोलला, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात तुम्ही विचारल्यावर काय मिळालं. तिसऱ्यात तुम्हाला काय दिसलं: चाल, सूज, बसण्याची ढब. खारट खाण्याची आवड दुसऱ्या रकान्यात जाते आणि तिचं वजन कमी होतं, कारण बहुतेक लोक अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. हानेमाननीही रुग्णाचं बोलणं मध्ये न तोडता त्याच्या शब्दांत लिहायला सांगितलं आहे, आणि ‘हो-नाही’त उत्तर येईल असा प्रश्न टाळायला सांगितलं आहे. या शिस्तीचा उपयोग तुम्ही पुढे कोणतंही वैद्यक केलंत तरी होईल.

आता हेच पान तीन पद्धतींनी सोडवा.

केंटची पद्धत वरून खाली येते. आधी मन, मग संपूर्ण शरीराची सर्वसाधारण लक्षणं, शेवटी एकेका अवयवाची. जेम्स टायलर केंट यांची रेपर्टरी १८९७ ची. ती मनाच्या प्रकरणाने सुरू होते आणि सर्वसाधारण लक्षणांवर संपते. या पद्धतीने गेलात तर ‘दुःखानंतरचे त्रास’, ‘समजूत घातल्याने वाढ’, ‘खारट आवडतं’ ही रूब्रिक्स, म्हणजे रेपर्टरीतल्या लक्षणांच्या नोंदी, पुढे येतात आणि नेट्रम म्यूर हे औषध निघतं. गुडघा जवळजवळ विचारातच येत नाही.

बोएनिंगहाउसेनची पद्धत वेगळी. ते मुळात कायद्याचे पदवीधर आणि वनस्पतींचे जाणकार. त्यांचं रेपर्टरीचं पुस्तक १८४६ चं. पूर्ण लक्षण म्हणजे चार गोष्टी: जागा, संवेदना, कशाने वाढतं-कमी होतं (याला मोडॅलिटी म्हणतात), आणि सोबतीचं लक्षण. इथे जागा सांधा, संवेदना आखडल्याची, पहिल्या हालचालीने वाढ, चालत राहिल्याने आराम, भिजल्यानंतर सुरुवात, सोबत रात्रीची तळमळ. रस टॉक्स हे औषध निघतं आणि मनाला हात लावावा लागत नाही. एका अवयवाची मोडॅलिटी संपूर्ण माणसाला लावण्याची मुभा ही पद्धत देते. केंटना हीच गोष्ट खटकत होती, आणि या वादात मला दोघांचंही थोडं पटतं.

तिसरी पद्धत बोगर या होमिओपॅथची. ते मधला रस्ता काढतात. बोएनिंगहाउसेनची चौकट ठेवतात, पण काळ आणि शरीरातला बदल यांना वर आणतात. कोणतं आधी आलं? दुःख वर्षापूर्वीचं, गुडघा चार महिन्यांचा, मध्ये भिजणं. सांध्यात नेमकं काय झालंय? हा शेवटचा प्रश्न मला तिन्ही पद्धतींत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो तुम्हाला तपासणीकडे ढकलतो. इंग्लंडचे रिचर्ड ह्यूज तर सुरुवातच तिथून करत: कोणता अवयव, कसला बिघाड, औषधाची विषारी क्रिया कुठे दिसते. ते कमी पोटेन्सी देत. केंट ३० पासून २००, हजार, लाखापर्यंत चढत. हानेमान अखेरच्या वर्षांत १ ला ५०,००० या प्रमाणातल्या पोटेन्सीकडे वळले. ती माहिती असलेली ऑर्गेनॉनची सहावी आवृत्ती त्यांनी १८४२ मध्ये लिहून संपवली, पण छापून आली १९२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ७८ वर्षांनी. म्हणजे केंटनी आयुष्यभर पाचव्या आवृत्तीवर काम केलं. मात्रेवरून आजही जे वाद होतात त्यातले बरेच या उशिरातून आलेले आहेत.

अलीकडच्या सेन्सेशन पद्धतीत राजन शंकरन रुग्णाच्या शब्दांमागची संवेदना आणि हातवारे पकडतात आणि ती वनस्पती, प्राणी की खनिज हे ठरवतात. आपल्या बाईंचं ‘अडकल्यासारखं’ तिथे रस टॉक्सच्याच कुळाकडे नेतं. ऐकायला हे आकर्षक वाटतं. पण तो एक शब्द मी तीन वेळा खोदून विचारला असता तर तो त्यांचा राहिला असता की माझा झाला असता? नवख्याने ही पद्धत सर्वांत शेवटी शिकावी. अनेक औषधं एकत्र करून दिलेल्या मिश्रणांतून तर काहीच शिकायला मिळत नाही. कशाने काय झालं हे विचारण्याची सोयच उरत नाही.

तर एका पानावरून दोन औषधं निघाली. विद्यार्थी विचारतात, बरोबर कोणतं? मी म्हणते, आधी हे बघा की औषध पद्धतीने निवडलं. केंटने मनाला वजन दिलं, बोएनिंगहाउसेनने मोडॅलिटीला. रुग्ण तोच आहे. म्हणून एक केस एकाच पद्धतीने सोडवा आणि कोणती ते पानाच्या माथ्यावर लिहा. अर्धं केंट आणि अर्धं बोएनिंगहाउसेन करून आपल्या मनातलं औषध वर आणणं फार सोपं असतं. मी स्वतः कित्येक वर्षं तेच करत होते.

दुसरी गोष्ट त्याच पानावर खाली लिहायची: किती दिवसांत काय बदलायला हवं. बदललं नाही तर तुम्ही काय मानाल, तेही. हे आधीच लिहायचं, कारण आपल्या शास्त्रात प्रत्येक निकालाला उत्तर तयार आहे. बरं वाटलं तर औषध लागू पडलं. वाढलं तर ॲग्रव्हेशन, म्हणजे बरं होण्याआधीची औषधाची वाढ. दुसरंच काही उपटलं तर हेरिंगच्या नियमाने आजार आतून बाहेर, वरून खाली येतोय. काहीच झालं नाही तर पोटेन्सी चुकली. चारही उत्तरं नंतर दिली की चूक कधी सापडतच नाही. तारीख घालून आधी लिहिलेलं वाक्य मात्र पुसता येत नाही. शिवाय गुडघा, सर्दी, पाठदुखी अशी दुखणी आपोआपही उतरतात, आणि माणूस बहुधा दुखणं ऐन भरात असतानाच आपल्याकडे येतो.

हे मी कशातून शिकले ते सांगते. शिकवायला लागण्याआधी एक रुग्ण आला होता, मांडीच्या हाडात दुखायचं, रात्री जास्त. हालचाल, शेक, कूस, सगळं मी उत्साहाने लिहिलं आणि दोन महिने औषधं आणि पोटेन्सी बदलत राहिले. वजन उतरत होतं. तेही मी लक्षण म्हणून रेपर्टरीत शोधलं. एक्स-रेला पाठवलं तेव्हा उशीर झाला होता. हाडात गाठ होती. त्या माणसाचे दोन महिने मी खर्च केले आणि ते परत देता येत नाहीत.

म्हणून माझ्या वहीत तीन रकान्यांच्याही वर एक ओळ असते: तपासणीला पाठवायचं का? विनाकारण घटलेलं वजन, ताप आणि सुजलेला लाल सांधा, विश्रांतीनेही न थांबणारं रात्रीचं दुखणं, छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, अचानक आलेला लुळेपणा, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक, लघवी कमी झालेलं जुलाबाचं मूल, कुठूनही रक्त. यातलं एकही असेल तर गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात. इन्सुलिन, रक्तदाबाची, आकडीची, हृदयाची औषधं आपल्या सांगण्यावरून कोणी थांबवू नयेत. लसींना आणि हिवतापाच्या औषधांना आपल्याकडे पर्याय नाही. हानेमानचा आधार हवा असेल तर तोही आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा वेगळे उपाय करायची मुभा त्यांनी ऑर्गेनॉनच्या ६७ व्या सूत्राच्या टीपेत दिली आहे, आणि १८६ व्या सूत्रात जखमांना शस्त्रवैद्याची मदत घ्यायला सांगितली आहे.

त्या बाईंना मी पहिल्याच दिवशी एक्स-रेची चिठ्ठी आणि फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. झीज थोडी होती, बाकी काही नव्हतं. पानाच्या माथ्यावर ‘बोएनिंगहाउसेन’ लिहिलं होतं, खाली ‘तीन आठवड्यांत पहिली पावलं सोपी व्हायला हवीत’. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा खुर्चीवरून सहज उठल्या. पेन हातात घेऊन मी ‘रस टॉक्स’समोर खूण करणार, इतक्यात त्या म्हणाल्या की मांडीचे व्यायाम रोज दोन वेळा करते, एकही दिवस चुकला नाही. भावाबद्दलही त्या दिवशी अर्धा तास बोलल्या. मी खूण केली नाही. त्या जागी लिहिलं: ‘व्यायाम २१ दिवस. बोलणं झालं. सांगता येत नाही.’