सिक (Syk, प्लेटलेटच्या आत संदेश पुढे नेणारं) प्रथिन अडवल्यावर प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का, हे कसं तपासावं

रक्तदात्याने आधीचे 10 दिवस ॲस्पिरिन घेतलेलं नसावं. 3.2 टक्के सोडियम सायट्रेटच्या नळीत रक्त 9:1 प्रमाणात घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये 200 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट जोराने) 10 मिनिटं, ब्रेक बंद ठेवून फिरवा. वरचा ढगाळ पिवळसर थर, म्हणजे प्लेटलेट्सनी भरलेला प्लाझ्मा, अलगद काढा; तपासायचा तो हाच. लालसर दिसला तर टाकून द्या. उरलेलं 1500 जी वर 15 मिनिटं फिरवून मिळालेला नितळ प्लाझ्मा ॲग्रिगोमीटरवरच्या (आरपार जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावरच्या) 100 टक्क्यांच्या खुणेसाठी. नळ्या बर्फात नकोत, थंडीने प्लेटलेट्स सक्रिय होतात.

ढगाळ प्लाझ्मा यंत्राच्या दोन क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक नळ्यांमध्ये) घ्या. 37 अंशांवर, सतत ढवळत, एकीत डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला सिकचा इन्हिबिटर (त्याला अडवणारा पदार्थ) आणि दुसऱ्यात तेवढंच नुसतं डीएमएसओ घाला. ही जोडी नसेल तर निकाल कशाचा, तेच कळत नाही. पाच मिनिटांनी दोन्हींत कोलॅजेन (प्लेटलेट्सना सिकच्या वाटेने चिकटायला लावणारं प्रथिन), मिलीलिटरला 1 ते 2 मायक्रोग्रॅम; जास्त झालं तर अर्धवट परिणाम झाकला जातो.

प्लेटलेट्स चिकटल्या की प्रकाश जास्त आरपार जातो आणि यंत्रावरची रेघ चढते. डीएमएसओची रेघ थोडी थांबते, किंचित खाली वळते, मग झपाट्याने चढते. सिक पुरतं अडलं असेल तर रेघ जवळपास सपाटच. आता इन्हिबिटर घातलेल्या नव्या क्युव्हेटमध्ये 5 मायक्रोमोलर एडीपी (प्लेटलेट्सना चिकटायला लावणारा दुसरा रेणू) घाला. एडीपीचा संदेश सिकच्या नव्हे, जी-प्रथिनं नावाच्या वेगळ्या प्रथिनांच्या वाटेने जातो, त्यामुळे इथे चढ दिसायलाच हवा. नाही दिसला, तर सिकला बोल लावण्याआधी ढवळकाडी फिरतेय का ते बघा आणि रक्त काढून चार तास उलटलेत का तेही.