चपला-बुटांची ॲलर्जी : या चुका टाळा

पायाला खाज सुटली की पहिला संशय बुरशीवर जातो. दुकानातून ट्यूब आणायची, आठ दिवस चोळायची, बरं वाटलं की तीच चप्पल पुन्हा पायात. माझ्या मावशीचं दीड वर्ष असंच गेलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्यामुळे खाज तेवढ्यापुरती दबायची आणि परत यायची. शेवटी एकदा तिचा पाय उजेडात धरून नीट पाहिला. वरच्या बाजूला दोन काळसर, जाड, खरखरीत पट्टे, अगदी चपलेच्या पट्ट्यांच्या मापाचे. बोटांच्या बेचक्या मात्र स्वच्छ.

म्हणून आधी जागा बघा. बुरशी बहुधा बेचक्यांत सुरू होते, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, आणि बऱ्याचदा एकाच पायाला. ॲलर्जी सहसा दोन्ही पायांना सारख्याच जागी उठते, जिथे चप्पल किंवा बूट टेकतो तिथे. याला अपवाद असतात. शंका असेल तर डॉक्टर त्वचेचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का ते पाहतात. ट्यूब चोळण्याआधी एवढं करून घ्याच.

"हे बूट तर दोन वर्षं वापरतोय, त्यांचा काय संबंध?" हा प्रश्न हमखास येतो. संबंध असू शकतो. वर्षानुवर्षं सोसलेलं रसायनही शरीराला एक दिवस सोसेनासं होतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. शिवाय पुरळ लगेच उठत नाही, एक ते तीन दिवस जातात. तोवर आपण भलत्याच गोष्टीला दोष देऊन मोकळे होतो. पाय घामेजले की त्रास वाढतो, कारण चामड्यातलं क्रोमियम आणि रबरातली रसायनं घामात उतरून त्वचेला भिडतात.

"अस्सल चामडं घ्या, काही होत नाही" हा सल्लाही महागात पडतो. बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनीच कमावलेलं असतं. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत क्रोमियम-६ (क्रोमियमचं जास्त त्रासदायक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं, असा नियम युरोपीय संघाने २०१५ पासून लागू केला, तो याच त्रासामुळे. चामडं सोडून कृत्रिम बूट घेतले तरी आतला गोंद असतोच, आणि त्यातल्या रेझिनचीही (राळेसारख्या चिकट पदार्थाची) ॲलर्जी होते. अंदाजाने जोड बदलत बसू नका.

नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्वचा तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. त्या दिवसांत पाठ ओली करू नका. पाठीवर स्टेरॉइड मलम लावत असाल किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि संशयित जोड रागाने फेकून देऊ नका, सोबत न्या, कारण त्याचा बारीक तुकडाही पट्टीखाली लावून बघता येतो.

मोज्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. बुटातली रसायनं मोज्यांत मुरतात आणि धुतल्यावरही उरू शकतात. नव्या बुटांसोबत मोजेही नवेच घ्या.

मधुमेह असेल, फोड फुटून पाणी वाहत असेल किंवा पू दिसत असेल, तर घरगुती उपायांत एकही दिवस घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

मावशीला रबर टिकाऊ-लवचिक करताना वापरलेल्या रसायनाची ॲलर्जी निघाली. आता चप्पल घेताना ती आधी एकच विचारते, पट्ट्याखाली रबर आहे का?