वकिलाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी

वॉरंटीतला फ्रिज बंद पडला, कंपनी नीट दुरुस्त करत नाही की पैसे देत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण काही प्रकरणं तेवढ्यावरच मिटतात आणि नाही मिटलं तरी तक्रार क्रमांक पुढे पुरावा ठरतो. मात्र त्याने मुदत थांबत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगात जावं लागतं. ‘कंपनीशी ईमेल चालू होते’ या सबबीवर ती वाढत नाही. उशीर झालाच तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज द्या, त्यात कारण पुराव्यानिशी हवं.

बहुतेक तक्रारी पडतात त्या पुराव्यावर. वस्तू सदोष आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. म्हणून सर्व्हिस सेंटरचं प्रत्येक जॉबशीट (दुरुस्तीच्या भेटीची लेखी नोंद) घ्या आणि त्यात दोष नेमका लिहून घ्या: ‘चालत नाही’ नव्हे, ‘कॉम्प्रेसर बंद, गॅस तिसऱ्यांदा भरला’. तंत्रज्ञ जाताना ओटीपी मागतो. तो दिला की कंपनीच्या नोंदीत काम पूर्ण झाल्याचं दिसतं. दुरुस्ती झाली नसेल तर देऊ नका. आणि दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलेल्या वस्तूबाबत ‘व्यापारी कारणासाठी खरेदी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा बचाव हमखास येतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच ती घेतली असेल, तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

मग विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या, पोच जपून ठेवा. कायद्यात नोटिशीची सक्ती नाही, पण ती दिलेली बरी.

२०१९ च्या कायद्याने दोन गोष्टी सोप्या केल्या. कंपनी बेंगळुरूची असली तरी लातूरचा ग्राहक लातूरलाच तक्रार करू शकतो. दुसरं, आयोग ठरतो तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. शुल्कही त्याच हिशोबाने. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते. अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, जॉबशीट, नोटीस असा क्रम ठेवा आणि पानांना क्रमांक घाला. मागणीत किमतीचा परतावा, त्यावरचं व्याज कोणत्या तारखेपासून, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळे लिहा. ४० हजारांच्या फ्रिजसाठी १० लाख मागितले तर मूळ मागणीचंच वजन कमी होतं.

दाखल करून घ्यायची की नाही हे सहसा २१ दिवसांत ठरतं. मग सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल कागदावर ३ महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात जास्त धरा. तारीख चुकवू नका. गैरहजेरीत तक्रार निकाली निघाली तर जिल्हा आयोग ती पुन्हा उघडत नाही, राज्य आयोगात अपील करावं लागतं.

आदेशानंतर अपिलाला ४५ दिवस असतात, आणि भरपाईचा आदेश झालेल्या कंपनीला निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील करता येत नाही. तरीही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा: आदेश न पाळल्यास १ महिना ते ३ वर्षं कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.