मुंक यांच्या ‘ताटातूट’ची प्रिंट लावताना या चुका टाळा

नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांचे १८९६ मधील ‘सेपरेशन’, म्हणजे ‘ताटातूट’, हे चित्र ओस्लोच्या मुंक संग्रहालयात आहे. त्याची प्रिंट अनेकांना घरी हवी असते, पण ती ज्या घाईने करून घेतली जाते, ते पाहून जीव तुटतो.

सर्वांत मोठी चूक मापाची. मूळ चित्र सुमारे ९६ बाय १२७ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे उंचीला तीन भाग तर रुंदीला चार. ते २४ बाय ३६ इंचांच्या तयार चौकटीत काठोकाठ बसवायचे, तर मूळ मापाच्या हिशेबाने उंचीतले अकरा सेंटिमीटर छाटावे लागतात. माझ्या एका स्नेह्यांनी त्यांची पत्नी गेल्यानंतर हे चित्र मागितले, तेव्हा मीही प्रिंट लवकर मिळावी म्हणून तयार चौकटच सांगितली. प्रिंट आली, त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, “खालचं ते लाल रोप कुठे गेलं?” छातीवर हात दाबून उभ्या असलेल्या पुरुषाचा तो हातही लालच आहे, रोप अर्धे कापले गेल्यावर त्या रंगाची जोडच तुटली होती. मी ती प्रिंट परत घेतली आणि १८ बाय २४ इंचांची नवी करून दिली. तेव्हापासून मी आधी चित्राचे माप घेतो, मग चौकट करवतो; तयार चौकटीने चार दिवस वाचतात, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरी चूक म्हणजे “रंग जरा उठावदार करा” असे छापणाऱ्याला सांगणे. समुद्राकडे वळलेल्या त्या स्त्रीला नाक-डोळे नाहीत, आणि तिचे वाऱ्यावर लांबलेले केस पुरुषापर्यंत पोहोचतात. उजळपणा वाढवला की ते केस पार्श्वभूमीत विरतात आणि दोघांमधला शेवटचा धागाच नाहीसा होतो. मी केसांच्या भागाचा तळहाताएवढा नमुना आधी छापून घेतो आणि तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहतो.

कॅनव्हासच्या कडा चौकटीवर दुमडून घेऊ नयेत, कारण तिथेही चित्रच जाते. प्रिंटला मागून सेलोटेप लावू नये. उन्हाच्या भिंतीवर ती टांगू नये. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्टीचे, अंतर मात्र ठेवावेच. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणात कागद काचेला चिकटला, तर सोडवताना शाई काचेवरच राहते.